कात अडकलीय की कफ झालाय? नवीन साप पाळणाऱ्यांसाठी

रात्री साडेबाराला मी अंथरुणात पडले होते आणि टँकमधून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, प्रत्येक श्वासाला एक, अगदी मोजून मापून. माझा बॉल पायथन तेव्हा जेमतेम वर्षाचा होता आणि साप पाळण्यात मी त्याच्याहून लहान, म्हणजे चार महिन्यांची. नेटवर शोधलं तर सगळीकडे न्यूमोनिया न्यूमोनिया, झोप उडाली ती उडालीच. सकाळी व्हेटनी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी, त्याच्या नाकावर टॉर्च मारला आणि चक्क हसले. त्याची कात निघायला आली होती, जुन्या कातडीचा पापुद्रा नाकपुडीच्या तोंडाशी सुटून श्वासासरशी थरथरत होता, शिट्टी त्याची! चार दिवसांनी कात निघाली आणि शिट्टी बंद.

दीड वर्षाने बरोब्बर उलटं झालं. आवाज काहीच नाही, फक्त एका नाकपुडीशी मोहरीएवढा एक फुगा यायचा आणि फुटायचा. मी म्हटलं आत्ताच पाणी प्यायला असेल. आठवडाभर असंच म्हणत राहिले, आणि तो मात्र खरा आजार होता, वर माझ्याच हाताने झालेला.

म्हणून हे लिहितेय. श्वास आणि कात या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात पण दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा टँकमधल्या हवेत असतं, आणि नवीन माणूस एक सुधारायला जातो आणि दुसरी बिघडवून ठेवतो. मी तेच केलं होतं.

स्टेप १: साप ठणठणीत असतानाच बघून ठेवा

आजारी साप ओळखायचा तर आधी आपला साप बरा असताना कसा दिसतो ते डोळ्यात बसलेलं हवं. रात्री तो शांत पडलेला असताना टँकसमोर दहा मिनिटं नुसतं बसा. सापाला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासपटल नावाचा पडदा नसतो, तो बरगड्यांचे स्नायू वापरून श्वास घेतो, म्हणून डोक्यापासून थोडं मागे अंगाची बाजू हळूच फुगते आणि बसते. मधेच बराच वेळ हालचाल थांबते, ते नॉर्मल आहे, घाबरून काठीने ढोसू नका. तोंड बंद, नाकपुड्या कोरड्या, आवाज नाही, असा श्वास हवा.

तोंडाच्या आतली एक गोष्टही माहिती असू द्या. सापाची श्वासनळी जिभेच्या जागेच्या जरा मागे, तोंडाच्या तळाशी एका छोट्या फटीने उघडते. श्वास घेताना ती उघडते, मग मिटते. भक्ष्य गिळताना तो हीच नळी पुढे काढून श्वास चालू ठेवतो, नाहीतर एवढा मोठा घास गिळेपर्यंत गुदमरलाच असता. तो जांभई देतो तेव्हा नीट बघितलंत तर ही फट दिसते. आतला भाग फिकट गुलाबी आणि नुसता ओलसर असायला हवा, वरून खाली तारा ओढल्यासारखी चिकट लाळ दिसली तर काहीतरी गडबड आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साप खोकत नाही. आपल्याला कफ झाला की खोकून बाहेर काढतो, त्याला ते जमतच नाही, त्यामुळे आत साचलेला शेंबूड आतच खाली उतरत जातो. बहुतेक सापांचं काम उजव्या फुफ्फुसावर चालतं, डावं एकतर अगदी लहान किंवा नसल्यातच जमा, पायथन आणि बोआ यांना दोन असतात पण त्यातही डावं लहानच. त्यामुळे "थोडी सर्दी आहे, जाईल आपोआप" हे वाक्य माणसाला चालतं, सापाला नाही.

स्टेप २: आवाज आला की घाबरायच्या आधी चार गोष्टी बघा

पहिलं, कात जवळ आलीय का? डोळे दुधाळ झालेत किंवा होऊन गेलेत, रंग मातकट झालाय आणि नुसती सुकी शिट्टी येतेय, तर माझ्यासारखी रात्र वाया घालवू नका. कात निघेपर्यंत थांबा, पण ती निघाल्यावर दोन दिवसांनी परत कान लावा. तेव्हाही आवाज असेल तर मग कातेचं नाव सांगायचं नाही.

दुसरं, आवाज ओला आहे की सुका? हा फरक शब्दात सांगणं अवघड आहे पण एकदा ऐकलात की कळतं. सुकी शिट्टी म्हणजे बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी. ओला आवाज म्हणजे ग्लासातलं शेवटचं सरबत स्ट्रॉने ओढल्यासारखा, नाहीतर बारीक टक् टक् फुटल्यासारखा. ओला आवाज कधीच नॉर्मल नसतो. आवाज नीट कळत नसेल तर मोबाईल जवळ धरून रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका, मला तर त्यानेच कळलं.

तिसरं, नाक आणि तोंड. नाकपुडीशी फुगे, वाळलेली खपली, ओठांच्या कडेला फेस, टँकच्या काचेवर नाकाच्या उंचीवर वाळलेले चिकट डाग, हे सगळं नोंद करण्यासारखं. पाण्यात तोंड घातल्यावर लगेच एखादा फुगा दिसला तर ठीक आहे, पण पाण्यापासून लांब बसलेल्या सापाच्या नाकाशी फुगा परत परत येत असेल तर माझ्यासारखी आठवडाभर सबबी शोधत बसू नका.

चौथं, डोकं कुठे आहे? फुफ्फुसात पाणी झालेला साप मान उंच करून, हनुवटी काचेला किंवा फांदीला टेकवून बसतो कारण तसं श्वास घ्यायला बरं पडतं. तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेत असेल तर प्रकरण पुढे गेलंय असं समजा. इथे दोन गोष्टींनी गोंधळ होतो. एक म्हणजे जांभई, खाल्ल्यावर जबडा जागेवर बसवायला साप एक दोन मोठ्या जांभया देतो, ते अगदी नॉर्मल, दिवसभर पुन्हा पुन्हा जांभया मात्र नाहीत. दुसरं फुसकारणं, चिडलेला साप हवा जोरात बाहेर सोडतो, त्याला सोडलंत की पाच मिनिटांत शांत होतो. आजारी सापाचा आवाज तुम्ही खोलीत नसतानाही चालूच असतो. साप कधी कधी डोकं उलटं करून आकाशाकडे बघत राहतो, पाठीवर उलथवला तर त्याला सरळ होता येत नाही, असं दिसलं तर ते श्वासाचं नाही, मेंदूशी संबंधित असू शकतं आणि त्यात वेळ घालवायचाच नाही.

खाणं सोडणं हे एकटं लक्षण धरून बसू नका. बॉल पायथन तर मूड गेला म्हणून महिनाभर खात नाही, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वजन बघा. किचनचा डिजिटल काटा आणि एक डबा, आठवड्यातून एकदा, तारीख टाकून वहीत. अंगाचा दहावा भाग उतरला तर ते नखरे नाहीत.

स्टेप ३: सापाआधी टँक तपासा

सापाचं अंग बाहेरच्या उष्णतेवर चालतं, पचनही आणि रोगाशी लढण्याची ताकदही. गार टँकमधला साप म्हणजे अर्धी फौज झोपलेला किल्ला. ज्या जंतूंना तो एरवी दाद देत नाही ते मग छातीत घर करतात, आणि हे जंतू बाहेरून आलेले असतात असंही नाही, बऱ्याचदा त्याच्या तोंडात आणि टँकमध्ये आधीपासूनच असतात.

बॉल पायथनला गरम बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार बाजूला २५ ते २७ च्या आसपास लागतं, ओलावा साधारण ६० ते ७० टक्के. कॉर्न स्नेकला गरम बाजू २८ ते ३० आणि गार बाजू २२ ते २४ पुरते, ओलावा ४० ते ६० टक्के. बोआचं बरंचसं बॉल पायथनसारखंच. तुमचा साप वेगळा असेल तर त्याच्या जातीचे आकडे शोधा, "साप म्हणजे साप" असं करू नका, वाळवंटातल्या सापाला जंगलातल्या सापाची हवा दिलीत तर तोही आजारीच पडणार.

आकडे मोजायचे कसे हा खरा प्रश्न. टँकसोबत फुकट मिळणारं ते काट्याचं गोल डायल असतं ना, काचेला चिकटवायचं, ते काढून टाका. माझं डायल ६० टक्के दाखवत होतं आणि डिजिटल मीटर लावला तर ८८! वायरवाला प्रोब असलेला डिजिटल मीटर घ्या, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला, आणि प्रोब साप जिथे झोपतो त्या उंचीला ठेवा, छताला नाही. हीट मॅट असो की दिवा, थर्मोस्टॅटशिवाय (ठरावीक तापमानाला उष्णता आपोआप बंद चालू करणारं यंत्र) चालू करायचाच नाही, साप भाजतो आणि त्याला वेळेवर कळतही नाही, आणि भाजल्याच्या डागावर पुढे प्रत्येक वेळी कात अडकते ते वेगळंच. पहाटे चारचा आकडाही एकदा बघा, दिवसा सगळं छान असतं आणि पहाटे टँक गार पडतो.

आता माझी चूक. थंडीचे दिवस, हवा कोरडी, मागची कात तुकड्यातुकड्यांत निघालेली. मी काय केलं तर टँकच्या जाळीवर किचनमधली प्लास्टिकची फिल्म ताणून लावली आणि सकाळ संध्याकाळ स्प्रे. मीटरवर ९० टक्के बघून खूश! काचेवर थेंब ओघळायचे, खालचा नारळाचा भुसा हातात घेतला तर पाणी टपकायचं, झाकण उघडलं की दमट कपड्यांचा वास यायचा. पुढची कात छान निघाली आणि तीन आठवड्यांत नाकाशी फुगा आला. ओलावा वाढवणं चूक नव्हतं, हवा कोंडणं चूक होतं. ओलं अधिक गार अधिक कोंडलेलं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की छातीचा आजार ठरलेला.

हवेत बाकी काय नको तेही सांगते. टँकजवळ उदबत्ती, रूम स्प्रे, सिगारेट, फिनाइलचा उग्र वास. सीडरच्या लाकडाचा भुसा तर अजिबात नाही, त्यातली तेलं विषारी असतात, आणि पाइनचा वासाचा भुसाही टाळा.

स्टेप ४: कातेचं वेळापत्रक ओळखा

आधी रंग उतरतो. नक्षी मळकट दिसते, बॉल पायथनचं पोट गुलाबी होतं. मग डोळे निळसर दुधाळ होतात, जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव भरतो त्यामुळे. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून गरीब सापही फटकन तोंड मारतो, हातात घेऊ नका, खायलाही देऊ नका. मग अचानक डोळे स्वच्छ होतात आणि नवीन माणसाला वाटतं की कात न टाकताच राहिली. नाही, खरी कात त्यानंतर साधारण तीन ते सात दिवसांनी निघते. सगळं मिळून एक ते दोन आठवडे. लहान पिल्लं भराभर वाढतात म्हणून चार ते सहा आठवड्यांत एकदा, मोठे साप वर्षातून काही वेळाच.

निघते कशी ते एकदा तरी बघा. ओठ दगडावर घासून सुरुवात, मग पायातला मोजा उलटा ओढून काढावा तशी पूर्ण कात मागे उलटत जाते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा गार झाला तरी हलले नाही. कात सापापेक्षा लांब भरते, कारण खवल्यांमधली दुमडलेली कातडी ताणली जाते, म्हणून तिची लांबी मोजून साप किती वाढला असं सांगू नका, लोकं सर्रास सांगतात.

डोळे दुधाळ झाले की ओलावा वाढवा, पण अख्ख्या टँकमध्ये नाही, एका डब्यात. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, साप वेटोळं घालून मावेल एवढा, बाजूला त्याच्या जाडीच्या दुप्पट भोक, भोकाच्या कडा घासून गुळगुळीत, आत भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे एक प्रकारचं शेवाळ. पिळलं की थेंब पडायला नको. डबा गरम बाजूच्या कडेला ठेवा. वाटेल तेव्हा तो आत जाईल, वाटेल तेव्हा कोरड्यात येईल, आणि जाळी उघडीच राहील. मॉस तीन चार दिवसांनी बदला नाहीतर बुरशी येते. घासायला एक खडबडीत दगड किंवा लाकूडही आत हवं.

स्टेप ५: निघालेली कात फेकायच्या आधी वाचा

ओली असतानाच उलगडा, वाळली की कुरकुरीत होऊन तुटते. डोक्याचा भाग बोटावर चढवा आणि उजेडात धरा. दोन्ही डोळ्यांच्या जागी चष्म्याच्या भिंगासारख्या पारदर्शक गोल चकत्या दिसायला हव्यात. सापाला मिटणाऱ्या पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघतो. चकतीच्या जागी भोक असेल तर ती डोळ्यावरच राहिलीय. मग शेपटीचं टोक, ते बंद आणि टोकदार हवं, मोज्याच्या अंगठ्यासारखं. टोक उघडं असेल तर तुकडा सापाच्या शेपटीवर आहे.

शेपटीचं टोक लोक विसरतात आणि तिथेच नुकसान होतं. अडकलेलं कडं सुकून आवळतं, बोटाला दोरा गुंडाळल्यासारखं, रक्त थांबतं आणि टोक काळं पडून गळून जातं. प्रत्येक कातेनंतर शेपूट बघायचीच.

स्टेप ६: अडकली तर

घाई नको. पहिला दिवस ओला डबा देऊन त्याच्यावर सोडा, बऱ्याचदा रात्रीत निघते. नाही निघाली तर कोमट पाणी, २८ ते ३० अंश, मनगटाला ना गरम ना गार वाटेल असं, आणि खोली सापाच्या जाडीच्या निम्मी. झाकणाला भोकं असलेला डबा, वीस ते तीस मिनिटं, आणि तुम्ही तिथेच बसलेले हवेत, फोन घ्यायला गेलात आणि अशक्त साप बुडाला असं व्हायला नको. नंतर ओला खरबरीत टॉवेल दोन्ही हातांत सैल धरा आणि त्याला त्यातून सरपटत जाऊ द्या. ओढायचं काम त्याचं, आपण फक्त अडथळा व्हायचं. कोरडी कात नखाने सोलू नका, खालची कातडी तयार नसेल तर तीही येते.

श्वासाचा त्रास असलेल्या सापाला मात्र अजिबात भिजवायचं नाही. त्याला ओल्या टॉवेलचा किंवा मॉसचा डबा, तोही उबदार जागेत, बस.

डोळ्यावरची चकती राहिली असेल तर हात आवरा. चिकटपट्टी, चिमटा, इअरबड, सगळे उपाय लोक बिनधास्त सांगतात, आणि त्यात खालची नवीन चकती निघाली तर डोळा जाऊ शकतो. ओलावा नीट ठेवा, बहुतेक वेळा पुढच्या कातेला दोन्ही एकत्र निघतात. दुसऱ्यांदाही राहिली, डोळा सुजला किंवा आत पू दिसला तर व्हेट. आणि डोळ्यावर नुसता खळगा दिसतोय म्हणून चकती अडकलीय असं नसतं, पाणी कमी पडलं तरी तसं दिसतं. तेल बिल काही चोपडू नका.

दरवेळी कात अडकत असेल आणि ओलावा बरोबर असेल, तर पाण्याच्या भांड्यात बघा. तळाशी मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके, साप तासन् तास पाण्यात बसलेला, हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला हलणारे कण, म्हणजे माइट्स. पांढरा टिश्यू अंगावरून फिरवला तर तेही दिसतात. माइट्स रक्त पितात, कात बिघडवतात आणि रोग एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतात.

स्टेप ७: व्हेटकडे

तोंड उघडं ठेवून श्वास, तोंडात पिवळट घट्ट शेंबूड, हातात घेतल्यावर दोरीसारखा लोंबणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. नुसते फुगे किंवा ओला आवाज असेल तर दोन तीन दिवसांत. तोपर्यंत टँक त्याच्या जातीच्या आकड्यांतल्या वरच्या टोकाला ठेवा, रात्रीही गार पडू देऊ नका, पाणी ताजं, खाणं बंद, हाताळणं बंद. वाफारा देणं, बाम लावणं, घरातली माणसाची अँटिबायोटिक गोळी चुरून देणं, हे प्रेमापोटी केलेले घोळ आहेत, करू नका.

साप बघणाराच व्हेट शोधा, आणि तो साप निरोगी असतानाच शोधून ठेवा. जाताना आकड्यांची वही, आवाजाचं रेकॉर्डिंग, टँकचे फोटो आणि शेवटची कात पिशवीत घालून न्या. सापाला उशीच्या अभ्र्यात घालून तोंडाला गाठ, आणि अभ्रा बंद डब्यात, सोबत कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. व्हेट बहुधा एक्सरे काढतात आणि श्वासनळीतून नमुना घेतात, कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालतं ते त्यातून कळतं. खर्च नको म्हणून ही टेस्ट टाळू नका, अंदाजाने दिलेलं औषध लागू पडलं नाही तर आठवडे वाया जातात. पायथन असेल तर सर्पेंटोव्हायरसची टेस्ट करायची का तेही विचारा. याला आधी निडोव्हायरस म्हणायचे, २०१४ पासून पायथनमधल्या छातीच्या आजाराशी त्याचा संबंध माहिती आहे. त्यावर औषध नाही आणि तो पसरतो, त्यामुळे घरात दुसरे साप असतील तर कळलेलं बरं. आजारी सापाचं सगळं शेवटी करायचं, भांडी आणि चिमटे वेगळे, हात धुऊन. नवीन आणलेला साप तर तीन महिने वेगळ्या खोलीत.

माझ्याकडे इंजेक्शनं तीन दिवसांतून एकदा होती. तिसऱ्या डोसला फुगा यायचा थांबला आणि मला वाटलं झालं, आता कशाला टोचायचं पोराला. व्हेटनी फोनवरच झापलं, फुगा थांबला म्हणजे फुफ्फुस साफ झालं असं नाही, कोर्स पूर्ण करा. केला. जाळीवरची फिल्म मात्र त्याच रात्री काढून टाकली होती आणि ओल्या भुशाच्या जागी कोरडा घातला होता. पुढच्या कातेच्या वेळी डोळे दुधाळ झाले तसा मॉसचा डबा ठेवला, आणि पाच सहा दिवसांनी नाकातून परत तीच जुनी सुकी शिट्टी आली. या वेळी मी टॉर्च घेऊन आधी नाकपुडी बघितली, कडेशी पापुद्रा होता, वहीत तारीख टाकली आणि झोपले.